टेकू

गुडघा बदलून आलेल्या माणसाला लोक सगळं विचारतात. टाके किती पडले, आत बसवलेलं लोखंड आहे की प्लास्टिक, विमानतळावर शिट्टी वाजेल का. आमच्या गावातून विमानतळावर कोण जातंय, पण विचारतात. झोप लागते का, हे मात्र कोणी विचारत नाही. आणि विचारलं तरी उत्तर ऐकायला थांबत नाहीत, लगेच आपल्या मावशीला लागू पडलेला इलाज सांगू लागतात.

मी अंबाबाई. सौंसरजवळच्या आमच्या गावात आयुष्यभर अंगणवाडी चालवली आणि वय झालं तशी घरी बसले. गावातल्या दोन पिढ्यांना मी खिचडी खाऊ घालून सतरंजीवर झोपवलंय. मी डोळे वटारले की कसंही द्वाड पोर निमूट आडवं व्हायचं. तीच मी जानेवारीच्या शेवटी नागपूरहून उजवा गुडघा नवा करून आले आणि रात्र रात्र छताकडे बघत टक्क जागी राहू लागले.

दुखण्याची मला भीती नव्हती. दुखणार हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. पण हे दुखणं लबाड होतं. दिवसा चार लोकांत गप्प बसायचं आणि दिवे मालवले की त्याला वाचा फुटायची. कुशीवर वळायचं नाही असा हुकूम होता, आणि मी तर जन्मभर उजव्या कुशीवर झोपलेली बाई. उताणं पडलं की गुडघ्यात कोणीतरी सावकाश स्क्रू पिळतंय असं वाटायचं. डोळा लागला न लागला की स्वतःच्याच कण्हण्याने जाग यायची. झोपेच्या गोळ्या दवाखान्याने मोजक्याच दिल्या होत्या. त्या संपल्यावर डॉक्टर फोनवर म्हणाले, आता नको, सवय लागेल. त्यांचं काय जातं!

समोरच्या खाटेवर आमचे हे, भगवंतराव, घोरत पडलेले असायचे. त्या घोरण्याने माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

"अजी, जरा कमी घोरा. बाजूच्या गावातले लोकं उठून राहिले," मी ओरडायची.

ते "हाव" म्हणायचे, कूस बदलायचे, त्यांना बदलता येत होती ना, आणि पुन्हा सुरू. माणूस गायीसारखा गरीब. लग्न झाल्यापासून मी बोलायचं आणि यांनी "हाव" म्हणून होकार द्यायचा, असाच आमचा संसार चाललाय. दिवसा मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, आमच्या घरी कुंभकर्ण आहे म्हणून. तेही ऐकून हसायचे.

एवढा त्रास मी कशासाठी ओढवून घेतला, तेही सांगते. मला जयंतीच्या मिरवणुकीत चालायचं होतं. चौदा एप्रिलला आमच्या महिला मंडळाची पांढऱ्या लुगड्यांची रांग विहारापासून निघून चौकापर्यंत जाते. त्या रांगेच्या पुढे निळा झेंडा घेऊन वर्षानुवर्षं मी चालले. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हापासून मला मिरवणुकीच्या शेवटी ऑटोत बसवतात, लाऊडस्पीकरच्या बॅटरीशेजारी, सामानासारखं. मी हाताखाली वाढवलेली पोरं बाहेरून हात हलवतात आणि मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. यंदा ऑटोत बसणार नाही, या एका हट्टापायी मी हाड कापून घेतलं होतं.

भेटायला येणाऱ्यांचा दिवसभर राबता. दुपारी जरा पापणी जड झाली की कोणीतरी बिस्किटाचा पुडा घेऊन हजर. एकीने जायफळ उगाळून दुधातून द्यायला सांगितलं, ते शीतलने, माझ्या सुनेने, दिलं. दुसरीने तळपायांना तेल लावून काशाची वाटी घासायला सांगितली, तीही घासली. तळवे काळे झाले, झोप आली नाही. शेजारची गजाननची आई तर उठता बसता एकच म्हणायची, "अंबाबाई, एक डाव जामसांवलीले चाला. तिथं मारुती निजेल हाये. थो निजवून देईल तुमाले."

"निजेल हाये तं निजू द्या ना बिचाऱ्याले," मी म्हटलं. "मी कायले जाऊन त्याची झोप खराब करू?"

ती हसली, पण माझ्या नावाने नवस बोलून आलीच.

व्यायाम करून घ्यायला हिमानी यायची. पांढुर्ण्याची पोरगी, फिजिओथेरपी शिकलेली. एक दिवसाआड बसने सौंसरला यायची आणि आसपासचे दोन-तीन पेशंट करून परत जायची. पहिल्याच दिवशी तिने मला, गौतमला म्हणजे माझ्या मुलाला, आणि शीतलला समोर बसवून सांगितलं, "आजी, एक गोष्ट कान उघडे ठेवून ऐका. गुडघ्याखाली उशी घ्यायची नाही. घेतली की बरं वाटतं, दुखणं थांबतं, म्हणूनच घ्यायची नाही. गुडघा वाकलेला राहतो आणि तसाच धरून बसतो. मग कोणाच्या बापाला सरळ होत नाही. घ्यायची तर टाचेखाली घ्या, म्हणजे गुडघा आपल्या वजनाने खाली जाईल."

हे सांगत होती तेव्हा आमचे हे दारातच बसून बांबूची टोकं तासत होते. मृगाचा बहर यंदा चांगला आला होता. संत्र्यांनी फांद्या जमिनीला लागायला आल्या होत्या, त्यांना टेकू द्यायचे होते. ऐकलं की नाही ते मी विचारलं नाही. यांना काय विचारायचं?

मी मात्र हिमानीचा शब्द खाली पडू दिला नाही. दिवसभर पाय ताठ. टाचेखाली घडी केलेली सतरंजी. शीतल कौतुकाने शेजारणींना सांगायची, आमच्या आई पोलिसांसारख्या वागतात.

आणि मग एके दिवशी झोप आली. आली म्हणजे अशी आली की मी संध्याकाळच्या वंदनेनंतर जेवले, आडवी झाले, थोडा वेळ कण्हले आणि एकदम सकाळी शीतलच्या चहाच्या भांड्याच्या आवाजाने जागी झाले. मला वाटलं चुकून झालं असेल. दुसऱ्या दिवशीही तेच. रोजच मध्ये मध्ये थोडं चाळवायचं, पण आपोआप शांत व्हायचं आणि मी पुन्हा गाढ. मला इतका आनंद झाला की मी सकाळी सकाळी रडले.

झोप आल्याबरोबर तिचे धनी दहा झाले. जायफळवाली म्हणाली जायफळ. वाटीवाली म्हणाली वाटी. गजाननची आई तर प्रसादच घेऊन आली. मी मनात म्हटलं, तुमचं काही नाही, हे माझं आनापान आहे. डोळे मिटून श्वासावर ध्यान ठेवायला मला विहारात भन्तेजींनी शिकवलं होतं, आणि मी ते रोज करत होते. महिला मंडळाच्या बायकांना मी त्यावर एक भाषणसुद्धा ठोकलं.

फक्त एक गोष्ट जुळत नव्हती. हिमानी आली की माझा पाय खाटेवर लांब करून गुडघ्याखाली हात सारायची. सुरुवातीला तिची दोन बोटं जायची. आता तिची अख्खी मूठ जाऊ लागली. सकाळी उठले की गुडघा लाकडासारखा, अर्धवट वाकलेला. मी चालायची तेव्हा टाच जमिनीला लागायची नाही, चवड्यावर चालायची, कोंबडीसारखी.

"आजी, उशी घेता ना?" एक दिवस हिमानी म्हणाली.

"नाही."

"झोपेत घेत असाल."

"झोपेत काय उशी चालत येते माह्यापाशी?"

"मग हे होऊन राहिलं काऊन? आजी, मला खोटं सांगून तुमचाच पाय जाईल."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. काल शिकून आलेली पोर मला खोटारडी म्हणते! मी तिला असं काही झाडलं की तिचे डोळे भरले. सामान भरून निघून गेली बिचारी. पण दुसऱ्या फेरीला पुन्हा आली, तेवढं मानलं मी तिला. हे तेव्हाही दारातच होते. हातातला कोयता थांबला होता, एवढं मला दिसलं.

मग गौतमही म्हणाला, "आई, खरं सांग न." पोटचा पोरगा! शीतलने माझी खाट झाडून पाहिली, गादी उचलून पाहिली. एक डोक्याखालची उशी, बाकी काही नाही. शीतल म्हणाली, "आई, राग नका मानू." मी मानला. दोन दिवस मी घरात कोणाशी बोलले नाही.

त्या दिवसांत यांचंही काहीतरी बिनसलं होतं. चहा पिता पिता डुलक्या यायच्या. मजूर हसत हसत सांगायचे, मालक बगिच्यात झाडाखाली बसल्या बसल्या निजतेत. एकदा तर धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, पाय घसरून पडले, कोपर सोलून आले. मी काय म्हटलं? "रातभर घोरून पोट नाही भरत का जी तुमचं?" ते "हाव" म्हणाले आणि हळद लावून पुन्हा बगिच्यात गेले.

मार्चच्या मध्यावर डॉक्टरांनी नागपूरला तपासायला बोलावलं. गौतमने मित्राची गाडी आणली. शीतल आली, आणि हेही टोपी घालून गाडीत बसले. एरवी बगिचा सोडून कुठे जात नाहीत, म्हणून मला नवल वाटलं. मी खुशीत होते. मोठा डॉक्टर बघेल आणि त्या हिमानीचे कान उपटेल, अशी माझी खात्री होती.

डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यावर लावला. "गुडघा छान बसलाय," म्हणाले. मी गौतमकडे विजयाने बघितलं. मग त्यांनी मला टेबलावर पाय लांब करून निजवलं, गुडघ्याखाली हात घातला, वरून दाबलं. मी ओरडले. त्यांनी पुन्हा दाबलं, आणि त्यांचा चेहराच बदलला.

"हा सरळ का होत नाही?" ते म्हणाले. "बाई, नवा गुडघा असून तुम्ही जन्मभर लंगडत चालाल. दुसरा गुडघा त्यापायी जाईल, कंबर जाईल. दोन-तीन आठवडे देतो. तेवढ्यात सरळ झाला नाही तर भूल देऊन जोराने मोकळा करावा लागेल, आणि त्याचीही खात्री नाही."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. मी बावळटासारखं विचारलं, "मंग जयंतीले?"

त्यांना काही समजलं नाही. त्यांनी मला नेमका तोच प्रश्न विचारला. "रात्री गुडघ्याखाली उशी घेता का?"

मग मात्र माझा बांध फुटला. "साहेब, रोज पंचशील घेणारी बाई हाये मी. मुसावादा वेरमणी. खोटं बोलत नाही. उशी तं सोडा, एक चिंधी नाही ठेवली गुडघ्याखाली. जो तो मलेच खोटी पाडून राहिला. विचारा यायले, रोज समोरच्या खाटेवर निजतेत. सांगा न जी. हाव म्हना!"

हे दाराजवळच्या खुर्चीवर बसले होते. टोपी काढून दोन्ही हातांनी पिळत होते. ते उभे राहिले. साक्षीदार उभा राहतो तसे.

"ठेवते साहेब उशी," ते म्हणाले. "म्हंजे ते नाही ठेवत. मी ठेवतो. ते झोपली का मी ठेवतो."

मला ऐकू आलं, पण समजलं नाही. मी शीतलकडे बघितलं, तिला काही वेगळं ऐकू आलं का म्हणून. तिने तोंडावर पदर धरला होता. गौतम बापाकडे असा बघत होता जणू तो माणूस दुसऱ्याच कोणाच्या घरचा आहे. चाळीस वर्षं ज्याच्या "हाव"वर मी डोळे मिटून विसंबले, त्याने भर दवाखान्यात मला खोटं पाडलं होतं. आणि खरं बोलून पाडलं होतं.

"कधीपासून?" डॉक्टरांनी विचारलं.

"लय दिवस झाले साहेब. हे लय कण्हे. मले पाहवे नाही. एका राती गुडघ्याखाली टेकू देऊन पाह्यला, तं कण्हनं बंद. मंग रोजच देल्ला. पहाटे मोटर चालू कराले जावो तवा काढून घेवो."

"आणि तुम्ही झोपायचे कधी?"

"झोपलो तं टेकू सरकते न साहेब. मंग हे पुन्हा कण्हते. हात लावून बसा लागे."

डॉक्टरांनी खुर्ची यांच्याकडे वळवली. मग हळू आवाजात म्हणाले, "बाबा, उशी ठेवायची नाही असं सांगितलं होतं ना तुम्हाला?"

"हाव," हे म्हणाले. "ऐकलं होतं."

गाडीत मी खिडकीकडे तोंड करून बसले. सावनेर गेलं, तरी तशीच. मला कशाचा जास्त धक्का बसला होता ते मलाच कळत नव्हतं. ज्याला कुंभकर्ण म्हणून गावभर हसवलं तो माझ्या पायाशी रात्रभर बसत होता. त्याचं घोरणं कधी बंद पडलं ते मला कळलंच नाही, कारण मी झोपले होते. आणि त्याच माणसाने माझा पाय वाकडा करून ठेवला होता. हिमानी मला खोटारडी म्हणाली तेव्हा हा दारात बसून बांबू तासत होता आणि एक शब्द बोलला नव्हता. मला त्याचा भयंकर राग आला होता आणि त्याच्याकडे बघितलं की रडू येत होतं. जामसांवलीचा फाटा आला तेव्हा मला गजाननच्या आईचा प्रसाद आठवला, माझं आनापानावरचं भाषण आठवलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

घरी आल्यावर मी वॉकर आपटत ओट्यावर जाऊन बसले. "आना," मी म्हटलं.

ते पडवीत गेले. संत्र्याच्या रिकाम्या कॅरेटांच्या थप्पीत हात घालून त्यांनी एक छोटी, जाड उशी काढली आणि माझ्या मांडीवर ठेवली. धुऱ्यावरच्या पऱ्हाटीचा कापूस भरलेला. खोळ माझ्याच जुन्या पांढऱ्या लुगड्याची, मिरवणुकीतल्या. दाभणाने घातलेले हातभर लांब टाके, पोतं शिवतात तसे.

"हे काय होय?"

"टेकू."

"मी काय संत्र्याचं झाड हाये का जी?"

ते माझ्यासमोर खाली बसले. "अंबा, फांदीवर वजन आलं का टेकू देतेत. दिवसा झाड आपलं आपण सांभाळते, रातच्या हवेनं फांदी मोडते. माह्या हातानं आजवर एक फांदी मोडली नाही. मले वाटलं दिवसा तू पाय सरळ ठेवून राहिली, तं रातच्यानं घडीभर वाकला तं का बिघडते?"

"अन् ते पोरगी मले खोटी म्हने तवा तोंडात का मूग होते?"

"सांगितलं असतं तं तुमी काढाले लावला असता. मंग तू पुन्हा रातभर..." त्यांनी टोपीने तोंड पुसलं. "झाड बरं. झाड कण्हत नाही."

मी ती उशी त्यांच्या अंगावर फेकली. मग परत मागून घेतली. हातात धरून किती तरी वेळ बसले.

हिमानीला गौतमने फोनवर सगळं सांगितलं होतं. ती आली तेव्हा मीच आधी म्हटलं, "पोरी, माहं तोंड फाटकं हाये, मनावर नको घेऊ." ती हसली नाही. तिला वेळ नव्हता. तिने तीच उशी माझ्या टाचेखाली ठेवली, गुडघा अधांतरी केला, त्यावर वाळूची पिशवी ठेवली आणि म्हणाली, "मी एक दिवसाआड येते, तेवढ्यानं होणार नाही. रोज सकाळ-संध्याकाळ कोणाला तरी हातानं दाबावं लागेल. आजी ओरडतील. ओरडल्या तरी सोडायचं नाही. रात्रीही उशी टाचेखालीच. आजींना झोप येणार नाही."

गौतमने एकदा दाबलं. मी किंचाळले तसा पांढरा फटक पडला आणि बाहेर निघून गेला. शीतलच्या हातात तेवढा जोर नव्हता. हे पुढे आले. फांद्या उचलून उचलून घट्टे पडलेले ते हात माझ्या गुडघ्यावर ठेवले आणि दाबलं. मी असा आवाज काढला की त्यांनी चटका बसल्यासारखे हात काढले.

"आजोबा, सोडायचं नाही," हिमानी म्हणाली.

ते उठले आणि थेट बगिच्यात गेले. मला वाटलं, संपलं, आता हा माणूस येत नाही. थोड्या वेळाने तोंड धुऊन आले आणि पुन्हा बसले. या वेळी सोडलं नाही. दात-ओठ खाऊन, मान दुसरीकडे फिरवून दाबत राहिले.

तेव्हापासून माझी झोप पुन्हा गेली. पण आता समोरच्या खाटेवर घोरणं नव्हतं. दोघेही जागे. ते उठून स्टुलावर येऊन बसायचे, माझी टाच उशीवरून सरकली तर सारखी करायचे. गुडघा खाली लोंबायचा आणि आतून सगळं ताणलं जायचं. दिवसा मी मोठ्या तोऱ्यात सांगायची, काही होत नाही, जयंतीला चालून दाखवते. रात्री माझा तोरा राहत नव्हता.

असंच एका रात्री माझ्याच्याने सहन होईना. डोळे झोपेने जळत होते, डोकं फुटत होतं. मी त्यांचा हात धरला.

"अजी, ठेवा न घडीभर. गुडघ्याखाली. फक्त डोळा लागेपावेतो."

मला माझाच आवाज ओळखू आला नाही. अंगणवाडीत पोरं रडायची, बाई, आईकडे जाऊ द्या, तसा तो आवाज होता. जिने यांच्या अंगावर हीच उशी फेकली होती, तीच मी हात जोडत होते. माझी मलाच दहशत बसली.

त्यांनी हात सोडवून घेतला आणि माझी टाच उशीवर धरली. मग म्हणाले, "नाही."

"काय म्हनलं?"

"नाही म्हनलं."

लग्न झाल्यापासून पहिल्यांदा हा माणूस मला नाही म्हणाला. मग मी त्यांना वाटेल ते बोलले. तुम्हीच वाकडा केला, तुम्हीच आता छळता, कसाई आहात, नाही नाही ते सगळं. ते ऐकत होते. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पुसायला हात मोकळे नव्हते, कारण दोन्ही हातांनी त्यांनी माझी टाच उशीवर धरून ठेवली होती. शिव्या देता देता मी कधी थांबले ते मला आठवत नाही.

जाग आली तेव्हा उजाडलं होतं. म्हणजे मी झोपले होते. पाय तसाच होता, टाच उशीवर, त्यावर यांचा एक हात. हे स्टुलावर बसल्या बसल्या झोपले होते. मान एका बाजूला पार लोंबली होती.

गौतम दारातून आत आला. "बाबा, लाइन आली, मोटर..."

"हात नको लावू त्यायले," मी म्हटलं. "तू चालू कर मोटर."

तो गेला. मी त्यांचा हात हळूच बाजूला केला, पाय खाली सोडले, वॉकर ओढून उभी राहिले आणि पाऊल टाकलं. टाच आधी जमिनीला लागली. फरशी गार होती आणि तो गारवा मला टाचेला कळला. मी जागच्या जागी थांबले. पुन्हा एक पाऊल टाकून पाहिलं. पुन्हा टाच. गुडघ्यात अजून थोडा बाक होता, हिमानीची बोटं अजून जाणार होती, पण मूठ जाणार नव्हती. मला ओरडून शीतलला बोलवायचं होतं, पण हे जागे झाले असते.

मग मी खाटेवरची ती उशी उचलली, वॉकरला धरून यांच्यापाशी गेले आणि त्यांच्या लोंबलेल्या मानेखाली, भिंतीला लावून, नीट बसवली. ते जागे झाले नाहीत. मान टेकली तसं तोंड उघडलं आणि घोरणं सुरू झालं.

शीतल धावत दार लावायला आली. म्हणाली, "आई, किती जोरानं घोरून राहिले बाबा. बाहेर लोकं ऐकून राहिले."

"राहू दे उघडं," मी म्हटलं. "ऐकू दे गावाले."